वेगळी चूल

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांविषयी विनोदाने असे म्हणतात की, चौघे एकत्र आले की एक मंडळ निघते आणि पाचवा आला की दुसरे. हा विनोद आम्हीही अनेक सभांतून केला आहे आणि त्यावर हशाही मिळवला आहे. परंतु विनोद हा पुष्कळदा विचाराचा कंटाळा झाकण्यासाठी केलेला असतो. फूट वाईट आणि एकी चांगली, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की, फुटून निघालेला का फुटला, हे विचारण्याचेही आपणांस सुचत नाही. 'वेगळी चूल मांडणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत निंदेचाच आहे. सून वेगळी झाली की गाव सुनेला बोल लावतो. तिला शेवटच्या पंक्तीस उरलेसुरले वाढणाऱ्या घराची चौकशी कोणी करीत नाही. वेगळी चूल मांडणाऱ्याचे नैतिक समर्थन कधी करता येते काय, आणि करता येत असेल तर ती चूल मोडण्याचा अधिकार कोणाचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न आमच्या पदरी कसा पडला, हे आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी दक्षिणेतील एका शहरी आमची बदली झाली होती. तेथील मराठी मंडळात गणेशोत्सवाचे दहा दिवस गाण्याच्या बैठका होत. बैठकीत बसावयाचे पुरुषांनी. स्त्रियांच्या वाट्यास पहिल्या दिवशीचे स्वागतगीत, रोजची आरती आणि प्रसादाची ताटे. केव्हातरी, आम्ही तेथे जाण्याच्या पुष्कळ आधी, पाचसात जणींनी आपले निराळे संगीत मंडळ काढले होते. पेटी त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली, तबल्यावर एक शाळामास्तरीण बसत असे, आणि दर गुरुवारी आळीपाळीने एकेकीच्या घरी त्या जमत. आम्ही मुख्य मंडळाचे कार्यवाह झालो तेव्हा समितीच्या मनात आले की, हे द्वैत आता पुरे. 'एकीच्या दृष्टीने महिलांचे संगीत मंडळ मुख्य मंडळात विलीन करण्यात यावे' असा ठराव करण्याचे ठरले, आणि आयुष्य मसुदे करण्यात गेलेले असल्यामुळे मसुदा आम्हीच केला. ठराव एकमताने मंजूर झाला. सभेला एकही स्त्री हजर नव्हती, हे त्या एकमतात कोणाच्या ध्यानात आले नाही, आमच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या महिला मंडळातील वडीलधाऱ्या बाई आमच्या घरी आल्या. सारे त्यांना काकू म्हणत. त्या रागावल्या नव्हत्या. चहा घेतला, आमच्या घरच्या मंडळींशी चार शब्द बोलल्या आणि निघताना म्हणाल्या, "साहेब, ठराव वाचला. भाषा फार चांगली आहे. फक्त आम्ही बाहेर का गेलो होतो, ते त्यात कुठं लिहिलेलं नाही." आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे थोड्याच महिन्यांत आमची बदली कुंभकोणमला झाली, आणि न दिलेले ते उत्तर आमच्याबरोबर सामानात आले.

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधले देवळांचे गाव. सारंगपाणी, कुंभेश्वर, नागेश्वर यांची गोपुरे दिसल्यावाचून तेथे एकही रस्ता जात नाही. दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वात येथील तळ्यावर लाखो माणसे स्नानास लोटतात. मागचे पर्व २०१६ साली झाले. मराठी वाचकास हे गाव सर्वस्वी परके नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत या मुलखावर होते, आणि त्या राज्याच्या आश्रयाने आलेली घराणी येथे रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. त्यांचे आप्त, इंदूरचे दिवाण राहिलेले आणि विधवाविवाहाचा कैवार घेऊन स्वजनांचा रोष ओढवून घेणारे रघुनाथराव, हेही इथलेच. आमच्यासारख्या बदलीच्या माणसाने ज्यांची नावे नमस्कारपूर्वक घ्यावीत असे हे अधिकारी होते.

परंतु कुंभकोणमच्या जुन्या लोकांच्या तोंडी आम्ही अधिक वेळा ऐकले ते एका स्त्रीचे नाव: बालामणी अम्माळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी या देवदासी कुळातील स्त्रीने येथे संगीत नाटकांची एक कंपनी चालविली. त्या कंपनीत सर्व स्त्रियाच होत्या. पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. आपल्याकडे पुढे बालगंधर्व स्त्रीवेशात रंगभूमी गाजवणार होते. त्याच्या नेमके उलट चित्र कावेरीकाठी आधीच उभे राहिले होते. निराधार स्त्रियांना बालामणींनी आपल्या कंपनीत थारा दिला असे सांगतात. त्यांच्या खेळांसाठी बाहेरगावच्या प्रेक्षकांना आणणाऱ्या खास आगगाड्या सुटत, आणि त्या गाड्यांना लोक बालामणींच्या नावाने ओळखीत. एवढे वैभव भोगलेल्या या बाईंचे उत्तरायुष्य मात्र हलाखीत गेले. कंपनी त्यांच्याबरोबर आली आणि त्यांच्याबरोबर गेली. वेगळी चूल एकाच माणसाच्या हिमतीवर पेटलेली असली म्हणजे ते माणूस थकताच ती विझते, एवढे आम्ही त्यातून घेतले. पण काकूंच्या प्रश्नाचे उत्तर तेथे नव्हते. ते तिरुवैयारूस होते.

तिरुवैयारू हे त्यागराजांचे गाव. कुंभकोणमहून कावेरीच्या कडेकडेने पश्चिमेकडे निघाले की तासा-दीड तासात तेथे पोचता येते. पौष वद्य पंचमीस, १८४७ साली, त्यागराजांनी येथे देह ठेवला, आणि दर वर्षी त्या तिथीस त्यांच्या समाधीपाशी आराधना होते. आम्ही गेलो तेव्हा नदीकाठच्या मांडवात शेकडो गायक-वादक एका बैठकीत त्यांची पंचरत्ने गात होते. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि त्यात काही विशेष आहे असे कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. समाधीसमोर एका स्त्रीचे स्मारक आहे. हात जोडून ती समाधीकडे पाहत बसली आहे. ही बंगळूर नागरत्नम्मा.

नागरत्नम्मांचा जन्म १८७८ चा, आणि कूळ देवदासींचेच. गाणे, नृत्य, संस्कृत, तेलुगू यांत त्या निष्णात होत्या. तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह यांच्या दरबारातील मुद्दुपळनी या गणिकेने अठराव्या शतकात 'राधिकासांत्वनम्' हे तेलुगू काव्य रचले होते. त्याची जुनी छापील प्रत काटछाट केलेली असल्याचे पाहून नागरत्नम्मांनी १९१० साली त्याची संपूर्ण आवृत्ती काढली. एका स्त्रीने शृंगार लिहावा आणि दुसरीने तो छापावा, हे तेव्हाच्या सुधारकांसही मानवले नाही. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती १९४७ साली उठली. आपल्या मराठी राजाच्या दरबारी मान्य झालेले काव्य दीडशे वर्षांनी इंग्रजी कायद्याने अश्लील ठरावे, यावर आपण मराठी लोकांनी तरी थोडे थांबून विचार केला पाहिजे.

त्यागराजांच्या समाधीची पडझड झाल्याचे १९२१ साली त्यांना कळले. तेव्हा त्यांनी आपल्या मिळकतीतून तेथील जागा मिळविली, समाधीवर मंदिर बांधविले आणि पूजेची व्यवस्था लावून दिली. पण त्या वेळी आराधना चालविणारे दोन पक्ष होते, 'पेरिय कच्ची' आणि 'चिन्न कच्ची', म्हणजे थोरला पक्ष व धाकटा पक्ष. त्यांचे आपसांत मुळीच पटत नव्हते. परंतु स्त्रियांना, त्यातही देवदासींना, समाधीपुढे गाऊ द्यावयाचे नाही, यावर दोघांचे एकमत होते. जिने मंदिर बांधले तिलाच त्या मंदिरापुढे गाण्याची मनाई झाली.

नागरत्नम्मांनी काय केले? त्या परत गेल्या नाहीत, आणि दुसरे मंदिरही त्यांनी बांधले नाही. समोर पुरुषांचे गायन चालू असताना त्या मंदिराच्या पाठीमागे बसल्या आणि त्यांनी हरिकथा सुरू केली. १९२७ पासून त्यांच्याभोवती स्त्रीकलावंतांचा समुदाय जमला आणि तिसरा पक्ष उभा राहिला. लोक त्याला 'पेंगळ कच्ची', बायकांचा पक्ष, म्हणू लागले. वाद न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर तिन्ही पक्षांच्या वेळा वाटल्या गेल्या. येथे एक गोष्ट मराठी वाचकाच्या मनाला लागल्यावाचून राहणार नाही. देवळामागे नागरत्नम्मा जी हरिकथा करीत होत्या, तिची घडण आपल्या कीर्तनातून झालेली आहे. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बावांसारखे कीर्तनकार तंजावरास आले. त्यांची पद्धत उचलून कृष्ण भागवतर यांनी तिला तमिळ देशात प्रतिष्ठा दिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते त्या कथेत आजही नावासकट नांदतात. म्हणजे दारामागे उभी राहिलेली ती कला आपल्याच माहेरची होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नागरत्नम्मांनी फूट पाडली काय? वरवर पाहता होय. दोन पक्ष होते, त्यांचे तीन झाले. पण थोडा विचार करता दिसेल की, फूट पाडतो तो दार लावणारा. बाहेर उभा राहणारा ती फक्त उघडकीस आणतो. दार लागलेले असताना जो निमूट परत जातो त्याच्यामुळे एकी टिकली असे आपण म्हणतो. वस्तुतः तेव्हा टिकते ती एकीची समजूत. घरातली शांतता आणि घरातला न्याय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या नावाने दुसरी नाकारण्याची सवय कुटुंबांना, मंडळांना आणि, सांगावयास संकोच वाटतो, कचेऱ्यांनाही जडलेली असते.

तथापि वेगळी चूल मांडणारा प्रत्येक जण न्यायाच्याच बाजूचा असतो असेही नाही. मानासाठी, पैशासाठी, रुसव्यासाठी फुटणारे आम्ही पाहिले आहेत. थोरला पक्ष आणि धाकटा पक्ष ही त्याचीच उदाहरणे म्हणावी लागतील. मग खरे वेगळेपण आणि खोटे वेगळेपण ओळखावे कशावरून? आम्हांस असे वाटते की, फुटून निघालेल्याचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावे. नागरत्नम्मा देवळामागे बसल्या, पण त्यांचे तोंड समाधीकडेच होते. त्यांना स्वतःचा त्यागराज नको होता. सर्वांचा जो त्यागराज, त्याच्यापुढे आपला वाटा हवा होता. रुसून निघालेला माणूस दुसरा देव शोधतो, आणि तो न सापडल्यास स्वतःच देव होऊन बसतो.

याच प्रश्नाला दूरच्या देशात दोन निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. अमेरिकेत संगीताच्या विद्यार्थ्यांची ग्रीक अक्षरांच्या नावांची मंडळे असतात आणि महाविद्यालयोमहाविद्यालयी त्यांच्या शाखा निघतात. १८९८ साली बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत 'फाय म्यू अल्फा सिन्फोनिया' हे पुरुषांचे मंडळ निघाले. १९०३ साली अ‍ॅन आर्बर येथे सात स्त्रियांनी 'सिग्मा अल्फा आयोटा' स्थापिले, आणि त्याच वर्षी सिनसिनाटी येथे 'म्यू फाय एप्सिलॉन' हे स्त्रियांचे दुसरे मंडळ जन्मास आले. गंमत अशी की, स्त्रियांच्या या मंडळांनाही 'फ्रॅटर्निटी', म्हणजे भ्रातृमंडळच, म्हणतात. बंधुत्व हा शब्द पुरुषांनी आपल्यापुरता ठेवावा हे जणू त्या भगिनींना मान्य नव्हते. पुढे १९७७ साली 'म्यू फाय एप्सिलॉन'ने आपले दार पुरुषांना उघडले. 'सिग्मा अल्फा आयोटा' मात्र स्त्रियांचेच राहिले. यांतील कोणते बरोबर? आमच्या मते दोन्ही. कारण दोन्ही निर्णय ज्यांचे घर त्यांनीच घेतले. चूल ठेवणे किंवा मोडणे यापेक्षा, तिच्याविषयी ठरविण्याचा अधिकार तिच्यापुढे बसलेल्यांकडे राहणे, हे नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

शिवाय वेगळ्या मंडळात काही असे शिकता येते, जे मोठ्या मंडळाच्या कोपऱ्यात शिकता येत नाही. तेथे कोणी कोणत्या क्रमाने गावे हे ठरवावे लागते. वर्गणी मागावी लागते, हिशेब ठेवावा लागतो, नाराज झालेलीची समजूत काढावी लागते. महाविद्यालयातील एखादी मुलगी अशा शाखेत वर्षभर चिटणिसाचे काम करते तेव्हा गाण्याइतकेच ती कारभारही शिकते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ गावयास सांगितले गेले आणि ठरवावयास कधीच सांगितले नाही, त्यांच्यासाठी ही पाठशाळा लहान नव्हे. कुंभकोणमचे सरकारी महाविद्यालय १८५४ चे. गणिती रामानुजन तेथेच शिकले. स्त्रियांसाठी येथे निराळे सरकारी महाविद्यालय निघाले ते १९६३ साली. त्याला आपण फूट म्हणत नाही, सोय म्हणतो. मग गाण्याच्या बाबतीतच आपला शब्द का बदलावा?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. वेगळेपणाची सवय लागते. लंगड्याची काठी पुढे त्याचा पायच होऊन बसते. ज्या अन्यायासाठी बाहेर पडलो तो संपला तरी बाहेरच राहावेसे वाटते, कारण बाहेर आपली पदे असतात, आपला मान असतो. हे खरे आहे. तिरुवैयारूस या आक्षेपाचेही उत्तर मिळते. १९४० साली एस. वाय. कृष्णस्वामी या सनदी अधिकाऱ्याने पुढाकार घेऊन तिन्ही पक्षांना एकत्र आणले, आणि १९४१ पासून आराधना आजच्या स्वरूपात होऊ लागली. नागरत्नम्मांनी आपला पक्ष मिटविला. ज्या पक्षाची उभारणी करण्यात त्यांनी आयुष्यातील इतकी वर्षे घातली तो त्यांनी हट्टाने धरून ठेवला नाही. कारण ज्यासाठी तो निघाला होता ते, म्हणजे समाधीपुढे पुरुषांच्या बरोबरीने गाणे, आता मिळत होते. आधी दार उघडले, मग चूल मिटली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आणि दार पुन्हा लागू नये म्हणून त्यांनी आपली मालमत्ता विश्वस्तांकडे सोपविताना स्त्रियांचा तेथे गाण्याचा हक्क कागदावर नोंदवून ठेवला. त्या सलोख्यावर विसंबल्या, पण केवळ सलोख्यावर नाही. १९५२ साली त्या वारल्या.

या हकीकतीत एका अधिकाऱ्याचा हात होता, याचे आम्हांस, आणि बहुधा वाचकांसही, थोडे बरे वाटेल. परंतु त्याच वेळी आमचा ठराव आम्हांस आठवला आणि ते बरे वाटणे फार वेळ टिकले नाही. तोही एकीचा प्रयत्न होता आणि हाही. तेथे एकत्र येणारे तीन पक्ष होते, आणि स्त्रियांचा पक्ष हा पक्ष म्हणून धरला गेला होता. आमच्या सभेत एकच पक्ष होता आणि त्याने दुसऱ्याच्या वतीने विलीन होण्याचे मान्य केले होते. तेथे स्त्रियांना काय मिळणार ते आधी ठरले. आमच्या मसुद्यात त्यांनी काय सोडावयाचे तेवढेच होते. बैठकीत गाण्याची पाळी, समितीत जागा, पेटी कोणाच्या मालकीची, गुरुवार राहणार की जाणार, यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता. काकूंनी भाषा चांगली म्हटली ती थट्टेने नव्हे, हे आता समजते. भाषा निर्दोष होती म्हणूनच तिच्यातली गैरहजेरी आम्हांस दिसली नाही.

आराधनेहून परत आल्यावर आम्ही त्या मंडळाच्या नव्या कार्यवाहांस पत्र लिहिले. ठराव रद्द करा असे सांगण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता. एवढेच सुचविले की, तो महिलांपुढे वाचावा आणि त्यांचे म्हणणे त्याच वहीत, त्याच्याच खाली लिहून घ्यावे. काकूंनाही निराळे पत्र घातले आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे कबूल केले. कार्यवाहांचे उत्तर आले नाही. काकूंचे आले, चार ओळींचे. गुरुवार अजून चालू आहेत, पेटीचा भाता बदलला, आणि आमच्या घरच्या मंडळींनी तिकडे येणे झाल्यास टाळ घेऊन यावे, असे त्यात होते. ठरावाविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.